धागा तुटला, थांब

उधन्याच्या पॉवरलूम कारखान्यात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून कामगार हातांनी बोलतात. चिमटीतली बोटं झटकन फाकवली की धागा तुटला, थांब. बोट गोल फिरवलं की जोडला, चालू कर. शालिग्राम पाटलांची ही सवय घरीही सुटली नव्हती. गोडादरा वस्तीतल्या आपल्या खोलीत ते चहासुद्धा बोटांनीच मागत. सरलाबाई वैतागायच्या. "देवनी तोंड देल शे ना? मंग हात काबर हालाडतस?"

१९९६ च्या दिवाळीत लूम बंद झाले आणि गल्लीतली मंडळी मेटॅडोर करून हरिहरेश्वरला निघाली. लेक सोनाली दहावी पास झाली तर तिथली पूर्ण प्रदक्षिणा घालीन, असा सरलाबाईंचा नवस होता. तो सुचवला होता शेजारच्या, मूळच्या महाडच्या पुष्पाबाईंनी.

देवळामागची टेकडी चढून मंडळी वर पोचली. एका अंगाला खाडी, समोर नुसता समुद्र, खाली लाटांनी चाळणी केलेला काळा खडक. तिथून दोन कड्यांच्या फटीतल्या उभ्या पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि कड्याच्या पायथ्यानं वळसा घालायचा. ही वाट ओहोटीपुरतीच. "रेंगाळू नका, पाणी फिरेल," पुजाऱ्यांनी बजावलं होतं.

पायऱ्या सरलाबाई बसत बसत उतरल्या. पण पुढच्या वळणावर खडक अरुंद होता आणि त्यावर मधूनच लाट चढत होती. त्या कड्याला चिकटून उभ्या राहिल्या. बाकीचे पलीकडे पोचले होते.

"चला हो सरलाबाई! अर्धी प्रदक्षिणा म्हणजे एका बाजूनं भाजलेली भाकर!" पुष्पाबाई ओरडल्या. वाऱ्यात एक अक्षर पोचलं नाही. शालिग्रामही ओरडून पाहत होते. येणारी लाट त्यांना दिसत होती. सरलाबाईंना वळणाआडून दिसत नव्हती.

त्या परत फिरणार तोच शालिग्रामनी हात उंच करून बोटं फाकवली. सरलाबाई जागीच थांबल्या. लाट खडकावर फुटून ओसरली. मग बोट गोल फिरलं. नवऱ्याचा डबा घेऊन कारखान्यात जाता जाता ही भाषा त्यांना येऊ लागली होती. कबूल मात्र त्यांनी कधी केलं नव्हतं. त्या चालू लागल्या. पुन्हा बोटं फाकली, पुन्हा थांबल्या. शेवटची लाट पायांवरून गेली, पण तोवर त्या शालिग्रामच्या हाताला पोचल्या होत्या.

"काय बोलत होते हो तुमचे हे?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"माले काय ठाऊक!" असं म्हणत सरलाबाईंनी पदर पिळला आणि प्रदक्षिणा पुरी केली.

लाभपंचमीनंतर लूम सुरू झाले. शालिग्राम ओट्यावर बसून ही हकीकत येईल त्याला सांगत. दर वेळी लाट थोडी उंच होत असे. ती कड्याच्या माथ्यापर्यंत पोचली, तेव्हा दारातून सरलाबाईंचा हात वर आला आणि बोटं फाकली.

शालिग्राम थांबले.

मग सरलाबाईंनी बोट गोल फिरवलं, म्हणजे पुढे सांगा, पण बेतानं.