दार उघडल्यावरचं पाणी

इटलीतल्या मोदेनाजवळच्या त्या कारखान्यात गाड्या हातानं घडत, आणि प्रत्येक नव्या गाडीत सर्वांत आधी बसायचा मान नेरीनाचा. मान कसला, शिक्षाच ती. गाडी फवाऱ्याखाली उभी करायची, नेरीनानं आत बसायचं, दारं लावून वरून धो धो पाणी सोडायचं, आणि थेंब कुठून शिरतो ते तिनं शोधायचं. काळ्या आसनांवर ती घरचं पीठ भुरभुरवी. थेंब पडला की पिठावर लगेच डाग उमटे. गाडी कोरडी निघाली तर तिनं आतून टपावर दोनदा ठोकायचं. बाहेरची माणसं सिगरेटी ओढत त्या ठोक्यांची वाट बघत.

साध्या दारांच्या गाड्या होत्या तोवर हे सोसण्यासारखं होतं. मग धाकट्या मालकाच्या, इवानोच्या डोक्यात वर उघडणारी दारं शिरली. दाराबरोबर अर्धा टपही वर जाई, आणि टपावर साचलेलं पाणी थेट बसणाऱ्याच्या मांडीवर. ऐन थंडीत नेरीना ओलीचिंब होऊन बाहेर पडे. ते कुणी धरत नसे, कारण तपासणी दार बंद असतानाची होती.

तिचे खांदे धरले, मनगटं धरली. या नाताळात तोर्तेल्लीनीसाठी, सारण भरून वळायच्या त्या इवल्या कानवल्यांसाठी, पोळी लाटायला घेतली आणि निम्म्यातच हात गळाले. नवऱ्यानं दुकानातून विकतची आणली, वर "बरी आहेत की" म्हणाला. ते तिला फार लागलं. तिला आता एकच हवं होतं, वरच्या मजल्यावर शेगडीजवळ बसून आसनांची कातडी शिवायचं काम.

"ही गाडी कोरडी निघू दे," इवानो म्हणाला. "सोमवारपासून तू वर. शपथ."

"तुझ्या शपथा मला नको सांगूस. लहानपणी आमच्या चेरी चोरायचास आणि लाल तोंडानं शपथ घ्यायचास. आणि एक सांग, त्या गिऱ्हाइकाच्या गॅरेजचं छत तरी उंच आहे का? नाहीतर दार वर आपटेल."

"ते तो बघेल."

"गाडी उलटली तर? माणूस बाहेर निघणार कुठून?"

"उलटवायला कुणी गाडी घेतं का, नेरीना? बस आता आत."

गिऱ्हाईक त्या दिवशी स्वतःच आलं होतं. मिलानचा कापडवाला, बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून पावलं टाकणारा. नेरीना आत बसली, पाणी सुटलं. दोन्ही दारं टपाच्या मध्यावर जिथं भेटत तिथल्या रबरावर ती बॅटरीचा उजेड धरून बसली. डोळे मिटत होते, तरी तिनं कामात कुचराई केली नाही. पीठ शेवटपर्यंत पांढरं राहिलं. तिनं दोनदा ठोकलं, जरा जोरातच.

इवानोनं हसतच दार उचललं आणि पाणी बदाबदा तिच्या मांडीवर कोसळलं. पिठाचा चिखल झाला. कापडवाला दोन पावलं मागे सरला.

"हे काय?"

"काही नाही, सिन्योर. दार उघडल्यावरचं पाणी आहे ते," इवानो म्हणाला.

"माझी बायको बसणार आहे तिथं. रेशमी कपडे घालून."

इवानोचा चेहरा पडला. "पन्हळ बसवून देतो. पुन्हा सगळं तपासतो. महिनाभर द्या फक्त."

नेरीनानं ते ऐकलं. इतके हिवाळे तिच्या मांडीवर पडलं ते पाणी कुणाच्या हिशेबात नव्हतं. आता रेशमावर पडणार म्हटल्यावर ती गळती झाली. चिडायचंही तिच्या जिवावर आलं.

"आणि माझा सोमवार?"

"एवढी पार पडू दे," इवानो कानाशी येऊन म्हणाला. "तुझ्याशिवाय आत कोण बसणार?"

ती गुडघा धरून गाडीच्या उंच उंबऱ्यावरून कशीबशी बाहेर आली. "गाडी कोरडी आहे, मी ठोकलंय," एवढं ती कापडवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाली आणि ठिबकत जिना चढली. शिवणाऱ्या बायकांनी न विचारता शेगडीजवळ जागा करून दिली. तिनं ओले मोजे काढले. खालून इवानोच्या हाका चालूच होत्या, नेरीना, अगं नेरीना, पन्हळ बसल्यावर आत कोण बसणार, तेवढं तरी सांग.

"जिची गाडी तिला बसव," ती वरूनच म्हणाली. "म्हणावं, येताना जुने कपडे घालून ये."