राजाचं शेवटचं रीळ

शिरूरच्या एसटी स्टँडवर उतरलो आणि चपलेचा अंगठा तुटला. कारगिलची लढाई होऊन दीडेक वर्ष झालं होतं. लढाईच्या दिवसांत गावोगाव ऐतिहासिक चित्रपट का दाखवत, यावर मी लिहीत होतो. पासष्टच्या लढाईत सरकारी प्रचारगाडीवर प्रोजेक्टर चालवणारे रहीममामा इथं राहतात, असं कळलं होतं. चप्पल शिवणाऱ्यानंच त्यांचं घर दाखवलं.

मामांनी चहा पाजत सगळं सांगितलं. मैदानात पडदा लागायचा. राजा किल्ला जिंकायचा, शिट्ट्या व्हायच्या, की मामा प्रोजेक्टर थांबवायचे आणि गाडीवरचे साहेब सैन्यभरतीचं भाषण सुरू करायचे. शेवटच्या रिळात राजा मरायचा. ते डब्यातच ठेवायचं, असा साहेबांचा हुकूम होता. दौंडजवळच्या एका वस्तीवर सखाराम नावाच्या तरुण मेंढपाळानं सगळ्यांत आधी नाव दिलं. पुढं तो एक पाय गमावून परतला.

"त्याच्या म्होरं उभं ऱ्हायची हिंमत न्हाई झाली," मामा म्हणाले.

आजच जाऊ, असं मी म्हटलं. मामा बराच वेळ टोपी शोधत राहिले, मग निघाले.

न्हावऱ्याजवळ एसटी पंक्चर झाली. समोरच रसवंती होती, म्हणून कुणी कुरकुर केली नाही. भीमेचा पूल ओलांडल्यावर दोन्हीकडं ऊसच ऊस.

सखारामआबा आता पक्के बागायतदार झालेले. लाकडी पायावर टकटक करत ते अंगणात आले आणि ओळख पटताच मामांना खाटेवर बसवलं. घरात शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळ्यांचा रस्सा) शिजत होती. मामांनी पाणीही न पिता रिळाची गोष्ट सांगून टाकली.

आबा हसायलाच लागले. मेंढरांमागं हिंडून कंटाळा आला होता, सैन्यात ट्रक चालवायला शिकवतात असं ऐकलं होतं, म्हणून गेलो, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "पर राजाचं काय झालं शेवटी?"

मामांनी ते रीळ संवादांसकट उभं केलं. एकटा पडलेला राजा, घोडा, वाट पाहणारी राणी. आबांची सून परातीत हात तसाच ठेवून ऐकत होती.

आबांनी लाकडी पाय हातानं सरळ केला.

"तुम्ही दाखवलं न्हाई ते बरंच झालं, मामा. मी तरी बी गेलो असतो. पर आई शेजारी बसलेली. ते बघून तिनं मला सोडलं नसतं."

मामांनी डोळे पुसले. आबांनी त्यांचं ताट स्वतः वाढलं आणि मुक्कामाला ठेवून घेतलं. मी निघालो तेव्हा दोघं त्या साहेबाच्या मिशांवरून हसत होते.

दौंडहून पुण्याच्या गाडीत खिडकी मिळाली. तो चित्रपट तरुणांना पेटवण्यासाठी होता, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. ते खोडलं. तरुण तर निघालेलेच असतात. शेवट कापला होता तो त्यांच्या शेजारी बसलेल्या आया-बायकांसाठी.