बैठकीचं नाक

परतूरला आमची एक बैठक होती. तिला नाव नव्हतं. नाव दिलं की लोक पाटी मागतात, आणि पाटी लागली की पोलिसांच्या अमीनसाहेबांचा माणूस परवाना विचारायला येतो. निजामाच्या राज्यात चार माणसं एका खोलीत जमली तरी कोणीतरी खिडकीला कान लावायचंच. आम्ही फक्त दारू न पिण्यासाठी जमतो हे चौकीवरच्या जवानाला कधीच पटलं नाही. "प्यायला जमतेत हे मला समजतंय," तो म्हणायचा, "न प्यायला कशाला जमावं लागतं? आपापल्या घरी बसून न पिता येत न्हाई का?" त्याचं अगदीच चुकत नव्हतं. पण ज्याला घरी बसून न पिता येतं तो आमच्यात कशाला आला असता?

मीही तिथं हौसेनं गेलो नव्हतो. माझी बायको वाटूरला माहेरी जाऊन बसली होती. शिंदीखान्यातून एका संध्याकाळी मी घरी आलो तो तोल जाऊन चुलीवर कलंडलो, आणि आधणाचं पाणी तिच्या पायावर सांडलं. ती रडली नाही, ओरडली नाही. पायाची जखम भरून आल्यावर तिनं भावाला बोलावून घेतलं आणि गाडीत बसून गेली. मी आणायला गेलो तेव्हा सासरे ओसरीवर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला आणि मग सरळ विषयाला हात घातला.

"पाव्हणं, तुमच्या शपथा मी लय ऐकल्या. आता परतूरच्या त्या बैठकीत बसा. ही दिवाळी ते ती दिवाळी. तिथला थोरला माणूस माझ्यासमोर म्हणला, हा कोरडा हाय, तर पोरगी गाडीत बसवून देतो. न्हाई तर मला तिचा दुसरा विचार करावा लागंल."

दुसरा विचार म्हणजे काडीमोड आणि पाट. आमच्यात तो होत असे, आणि तिचं वय काही गेलेलं नव्हतं. सासरे बोलतील ते करणारे होते. मी परत आलो आणि बैठकीला जायला लागलो.

बैठक तेलघाणीच्या मागच्या खोलीत रोज दिवेलागणीला भरायची. पुरुषांचीच. तिथले कायदे कोणी लिहिलेले नव्हते, पण मोडले की लगेच कळायचं. शिंदीखान्याच्या रस्त्यानं जायचं नाही, मग घर त्याच रस्त्यावर का असेना, रुळाच्या कडेनं वळसा घालून जायचं. लग्नाच्या पंगतीला एकट्यानं जायचं नाही, बैठकीतलाच कोणी सोबत न्यायचा. दुसऱ्याच्या जुन्या पिण्यावरून त्याला चिडवायचं नाही, आपल्या जुन्या पिण्याच्या गोष्टी रंगवून सांगायच्या नाहीत. आवाज चढवायचा नाही. आत जे बोललं ते आतच ठेवायचं. आणि यायच्या आधी लवंग, वेलदोडा, पान, कच्चा कांदा यांतलं काहीही खायचं नाही, कारण त्यानं वास झाकतो.

वासावरच सगळं होतं. दारात थोरले बसायचे. आमच्यात सगळ्यांत आधी दारू सोडलेला माणूस म्हणून तो मान त्यांचा. आत येणाऱ्यानं त्यांच्यासमोर उकिडवं बसायचं, तोंड उघडायचं आणि त्यांच्या तोंडावर फुंकर घालायची. याला आम्ही 'तोंड देणं' म्हणायचो. थोरले डोळे मिटून वास घ्यायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "बराबर. बसा." तो क्षणभर थांबणं भल्याभल्यांना घाम फोडायचं. ज्याच्या तोंडाला वास निघेल त्यानं महिनाभर बाहेरच्या पायरीवर बसायचं, आतल्यांच्या चपला सांभाळायच्या. मी गेलो तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. पुढंही कोणी बसलेलं मला दिसेना, आणि इथूनच माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली.

माझा स्वभावच तसा. त्यात धंदाही तसलाच. मी आडत दुकानात कापूस पारखायचो. वरून पांढराशुभ्र कापूस आणि तळाला पाणी मारलेला, हे मी रोज पाहत होतो. शेतकरी जितका गोड बोलेल तितका माझा हात गाठोड्यात खोल जायचा. आता तुम्हीच सांगा, वीस-पंचवीस जुने पिणारे, शेजारी शिंदीखाना, वर बाजाराचा दिवस, आणि महिनेच्या महिने एकही घसरत नाही? देवळातही इतकं सोवळं नसतं.

मी थोरल्यांकडं बघायला लागलो. त्यांच्या कमरेला तपकिरीची डबी असायची. दारू सोडली तेव्हा त्यांनी तपकीर धरली, हे ते स्वतःच अभिमानानं सांगायचे. दर घटकेला चिमूट नाकात जायची. त्यांच्या उपरण्याला, मिशीला, बोटांना तपकिरीचा रंग चढला होता.

पोळ्याच्या आसपास कंदिलात तेल घालताना एकाच्या हातून घासलेटाचा डबा त्याच्याच धोतरावर सांडला. त्याच अवस्थेत तो उठला आणि थोरल्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन वात मागायला लागला. आम्ही सगळ्यांनी नाकाला उपरणं लावलं. थोरल्यांनी शांतपणे वात दिली आणि विचारलं, "धोतर कशानं भिजलं, पाण्यानं का?"

दुसऱ्या दिवशी येताना मुद्दाम भाकरीबरोबर एक अख्खा कांदा बुक्की मारून खाल्ला. वर लसणाची चटणी. थोरल्यांसमोर बसलो आणि पोटातून फुंकर घातली. त्यांनी डोळे मिटले, क्षणभर थांबले.

"बराबर. बसा."

माझ्या मागं जिनिंगमधला तोलारी उभा होता, कापसाची वजनं करणारा. तो माझ्याकडं बघून हसला. ते हसणं मला बिलकुल आवडलं नाही. याला आधीपासून ठाऊक आहे, हे मला त्या हसण्यातून कळलं, आणि मग मी एकेकाचा चेहरा बघत सुटलो. आणखी कोणाकोणाला ठाऊक आहे? जो बैठकीच्या शेवटी भजन म्हणताना डोळे मिटतो त्याला? जो कोपऱ्यात भिंतीला टेकून बसतो त्याला? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा सगळा कारभार. बैठकीत बायका असत्या तर पहिल्याच आठवड्यात हे भांडं फुटलं असतं.

आता खरी पंचाईत माझी झाली. शिंदीखाना मोकळा होता. जाऊन प्यायचं, तोंड पुसायचं, थोरल्यांना फुंकर घालायची आणि दिवाळीला बायको घरी आणायची. कोण अडवणार? मी एकदा त्या रस्त्याला लागलोही. ताज्या शिंदीचा तो आंबूस वास वाऱ्याबरोबर आला आणि तोंडाला पाणी सुटलं, हे खोटं कशाला सांगू? पण पाऊल पुढं पडेना. देवाची भीती वगैरे काही नव्हती. मला एकदम वाटलं, हा सापळा तर नसेल? म्हातारा सोंग करत असेल. सगळं नीट कळत असेल आणि मुद्दाम 'बराबर' म्हणून कोण कोण फसतंय ते मनात ठेवत असेल. दिवाळीला सासऱ्यांसमोर माझं नाव घेईल. मी रुळाकडं वळलो आणि नेहमीचा वळसा घालून घरी गेलो.

पुढचे कितीतरी दिवस मी थोरल्यांवर पाळत ठेवली. दारात त्यांच्या पाठीमागंच मेलेली घूस कुजत पडली होती, ती त्यांना दुसऱ्यानं दाखवावी लागली. करपलेली डाळ त्यांनी तोंडात घातल्यावर थुंकली, तोवर कळलं नाही. सोंग नव्हतं ते. माझी खात्री पटली तेव्हा दसरा होऊन गेला होता, आणि तोवर संध्याकाळी पाय आपोआप रुळाकडं वळायला लागले होते. संशयानं कोणाचं भलं होत नाही म्हणतात. माझं झालं.

मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगून काय मिळवणार होतो? थोरल्यांचा शब्द खोटा ठरला की माझी बायको गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दिवाळी झाली आणि सासरे कापसाची गाडी घेऊन परतूरला आले. कापूस घालून दिवेलागणीला बैठकीत हजर. पाहुणे म्हणून थोरल्यांनी त्यांना आपल्याच शेजारी, दारापाशी बसवलं. मांडीला मांडी लावून. सासऱ्यांचं नाक शाबूत होतं.

एकेक जण येऊन तोंड देऊन गेला. मी दिलं. "बराबर. बसा." सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. मग तोलारी आला. डोळे लाल, आणि चाल फारच जपून. तो उकिडवा बसला, फुंकर घातली. थोरल्यांनी डोळे मिटले, थांबले.

"बराबर. बसा."

सासऱ्यांची मान हळूच मागं गेली. त्यांनी तोलाऱ्याला आत जाऊन बसू दिलं. थोरले समाधानानं त्यांच्याकडं वळले आणि म्हणाले, "पाटील, तुमच्या जावयाबद्दल माझा शब्द घ्या."

"शब्द राहू द्या तुमच्यापाशी," सासरे म्हणाले. "आत्ता जो आत गेला त्याचा वास मला इथपर्यंत आला. तुमच्या तर तोंडावर फुंकलं त्यानं. आन् तुम्ही बराबर म्हणून राह्यले."

थोरल्यांचा हात सवयीनं डबीकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "लय वर्सं झाली."

"मंग इथं बसता कशाला?"

"मी उठलो तर मंग ह्यांनी भ्यावं कोणाला?"

मी सगळ्यांकडं पाहिलं. कोणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं. कोपऱ्यात टेकून बसणारा जमिनीकडं बघत होता. भजनवाल्यानं उपरणं तोंडाशी धरलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. कोण पीत होतं आणि कोण नाही, हे मात्र ज्याचं त्यालाच ठाऊक. मला त्या म्हाताऱ्याची कीव आली आणि रागही आला. इतकी माणसं त्याच्यासमोर उकिडवी बसत होती, आणि रोज भीत तोच होता.

सासरे माझ्याकडं वळले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. मीही फसलो, माझा काय दोष, असं म्हणता आलं असतं. पण सासऱ्यांनी सबंध आयुष्य बाजारात घालवलं होतं, आणि तळाचा कापूस कसा दिसतो हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

"पोळ्यापासून ठाऊक होतं, मामा."

"आन् बोलले न्हाई."

"न्हाई."

"मंग पिले असाल."

"एकदाबी न्हाई."

"याला साक्ष कोण हाय?"

मी तोंड उघडलं. थोरले? त्यांना वास येत नव्हता. शेजारी बसणारे? त्यांची साक्ष कोण मानणार? घरी तर मी एकटाच.

"कोणीच न्हाई," मी म्हणालो.

सासऱ्यांनी पटका सारखा केला, कोणाला रामराम न घालता बाहेर पडले. गाडीची चाकं वाजत गेली तोवर मी तिथंच बसून राहिलो. वर्षभर जे राखलं ते राखल्याचं कोणाला दाखवता येत नव्हतं. त्या घटकेला शिंदीखाना उघडा होता आणि माझं गमावण्यासारखं सगळं गमावून झालं होतं. मी घरी गेलो. रुळाच्या कडेनं.

पुढं पंधरा-वीस दिवसांनी भर दुपारी दारात गाडी थांबली. सासऱ्यांचा सालगडी हाकत होता. मागं ती बसली होती, तिची ट्रंक आणि वळकटी बाजूला. मला वाटलं, राहिलेली भांडी न्यायला आली. गड्यानं सामान उतरवून उंबऱ्यात ठेवलं आणि गाडी वळवली, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

"मामांनी पाठवलं?" मी विचारलं.

"पाठवलं. आबा म्हणले, खोटं बोलणारा माणूस साक्षीदार घेऊन येतो. ह्यानं कोणीच न्हाई म्हणून सांगितलं. जा नांदायला."

मी वळकटी उचलायला वाकलो तर तिनं तिच्यावर पाय ठेवला.

"आबांना पटलं," ती म्हणाली. "मला आजून पटलं न्हाई. पटंस्तवर ही वळकटी सोडायची न्हाई. इकडं या. तोंड उघडा."

मी उघडलं. तिनं डोळे मिटले नाहीत. माझ्याकडं बघतच वास घेतला, चांगला सावकाश, आणि 'बराबर' वगैरे काही न म्हणता चूल बघायला आत गेली. मी उंबऱ्यात बसलो आणि मला रडू कोसळलं. माझ्यावर खरा संशय घेणारं माणूस घरात आलं होतं.

ती वळकटी संक्रांतीपर्यंत भिंतीशी तशीच बांधलेली राहिली. थंडी चांगलीच पडली होती. ती सरकीच्या रिकाम्या पोत्यांवर झोपायची, आणि मी एकदाही तिला म्हणालो नाही की आता सोड.