सोल्डरिंग गन घरी ठेवली तो रविवार

महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की शुक्रवारपासूनच माझी चिडचिड सुरू होते, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. खोटं नाही. त्या रविवारी कनेरगाव नाक्यावर एका ढाब्याच्या माडीवर आम्हा चौघांची बैठक असते. तिथे जायची मला जितकी ओढ असते तितकाच वैतागही येतो. निघताना वाटतं, आज नको. नाही गेलं तर महिनाभर करमत नाही. मग जातेच, आणि परत येताना मोटारसायकलवर मागे बसून हिंगोलीपर्यंत कुरकुर करते. नवरा अर्ध्या रस्त्यापर्यंत ऐकून घेतो आणि एकच विचारतो, "मंग जातीस काहून?"

बैठक मॉड्युलर सिंथेसायझरवाल्यांची. हे वाद्य आहे हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या नातेवाइकांत त्यावर अजून एकमत झालेलं नाही. त्याला पेटीसारख्या पट्ट्या नसतात. एका चौकटीत छोटे छोटे भाग शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि प्रत्येकाला एकच काम येतं. एक सूर काढतो, एक तो सूर गाळतो, एक त्याची उघडझाप करतो. हे भाग वायरींनी एकमेकांना जोडायचे, बटणं फिरवायची आणि काय निघतं ते ऐकायचं. वायरी उपसल्या की तो आवाज गेला, दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा सापडत नाही. माझं मशीन मी स्वतः बनवलंय, सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या लाकडी झाकणात. सासूबाई त्याला डीपी म्हणतात, म्हणजे रस्त्यावरची विजेची पेटी. पाहुणे आले की सांगतात, सून वरच्या खोलीत डीपी उघडून बसलीय.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे बनवणं मला जड गेलं नाही. आवाजाचं वेड मात्र माहेरचं. माहेर कुरुंद्याचं. हळद शिजून वाळली की पॉलिश करायच्या ड्रममध्ये जायची आणि तो ड्रम दिवस दिवस घुमत फिरायचा. बाकीची लेकरं त्या आवाजाला आणि धुरळ्याला वैतागून पळायची. मी पिवळीधमक होऊन तिथेच बसून राहायची. त्या घुमण्यात मला काय सापडायचं ते तेव्हाही सांगता येत नव्हतं आणि आताही येत नाही. पण माझ्या मशीनमधून पहिला खालचा सूर निघाला तेव्हा मला एकदम आईच्या अंगणात बसल्यासारखं झालं होतं.

आता आमची मंडळी. वाशीमचे दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे सगळ्यात भारी माल असतो, परदेशातून मागवलेला. पार्सल कुठे अडकलं, कोणता नवीन भाग निघाला, हे ते अर्धा तास सांगू शकतात आणि सांगतातच. दुसरे हट्टा गावचे काका, पोलीस खात्यात वायरलेसवर नोकरी करून निवृत्त झालेले. एका पिशवीत मशीन आणि दुसऱ्या पिशवीत भाजलेल्या शेंगा घेऊन दोन एसट्या बदलून येतात. ते बारीक टिपटिप आवाज काढतात आणि दर वेळी बजावतात की हा मोर्स कोड नाही. आमचा कुणाचाच विश्वास नाही. तिसरे सर. सेनगावकडच्या एका तांड्यावर वाढले, आता कॉलेजात गणित शिकवतात. त्यांना सुराशी देणंघेणं नाही, नुसते ठेके. सात आणि पाच एकमेकांत घालून ते असा काही घोळ करतात की ऐकणाऱ्याच्या पायालाही कळत नाही कुठे आपटावं.

या मशिनी गरम होईपर्यंत सुरात राहत नाहीत. त्यामुळे आल्या आल्या सगळ्यांनी आपापलं मशीन चालू करून ठेवायचं आणि खाली उतरून जेवून घ्यायचं, अशी आमची रीत पडली. शेवभाजी, भाकरी, ठेचा. तोवर माडीवर मशिनी आपल्या आपण तापत बसतात. जेवण झालं की सगळे वर, नवरा खालीच. तो ढाबेवाल्याशी गप्पा मारत पेपर वाचतो. खाली मसाल्याचा मिक्सर लागला की वर आमचे सूर डगमगतात, तेवढाच काय तो खालच्या-वरच्यांचा संबंध.

वर गेल्यावर ते तिघे वाजवायला बसायचे आणि मी सोल्डरिंगला. झालं असं, की दर वेळी कुणाचं ना कुणाचं काहीतरी बिघडलेलं असायचं. डॉक्टरांच्या महागड्या भागाचा ट्रॅक तुटलेला, म्हणजे बोर्डावरची तांब्याची बारीक रेघ. काकांची वायर निसटलेली. सरांचा फ्यूज उडालेला. टाके घालता येणारी मी एकटी. मी खिडकीजवळ गन तापवत ठेवायची, चष्मा नाकावर ओढायची आणि पाठमोरी कामाला लागायची. काम झालं की तिघेही तोंड भरून आभार मानायचे. ताईंच्या हातात जादू आहे म्हणायचे. माझं झाकण टेबलाखाली जसंच्या तसं बंद. दोन वर्षं मी ते मांडीवर धरून नेलं आणि मांडीवर धरून आणलं. पहिल्या बैठकीला उघडून दाखवलं होतं. तेव्हा आतली जोडणी किती स्वच्छ आहे म्हणून कौतुक झालं, पण वाजवा असं कुणी म्हणालं नाही.

माणसं वाईट असती तर सोडून देणं सोपं होतं. माझं कपाळ दुखतंय हे काकांना माझ्याआधी कळतं. माझ्या मुलीचा दात डॉक्टरांनी रविवारी दवाखाना उघडून बघितला होता. म्हणूनच जास्त लागायचं. आठवडाभर आयटीआयच्या पोरांचे ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चे टाके, निस्तरायचे आणि रविवारी यांचे. मी यांची कोण, वाजवणाऱ्यांतली की मेकॅनिक? हा प्रश्न मला फार छळायला लागला होता.

मग एका रविवारी, मी डॉक्टरांच्या बोर्डावर वाकलेली असताना, मागे तिघांनी एकदम टाळ्या वाजवल्या. मी वळून काय झालं म्हणून विचारलं. सर म्हणाले, अहो, तुम्ही ऐकलं नाही? फार भारी झालं. मी ऐकलं नव्हतं. मी एका बारीक तांब्याच्या रेघेकडे बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुरावर ढकललं.

घरी येऊन ठरवलं, पुढच्या वेळी गन न्यायची नाही. बघू, गन नसली तर मला कोण विचारतं. कुणी विचारलं नाही तर ही शेवटची बैठक, परत त्या माडीवर पाय ठेवायचा नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो महिना मी दुपारी हेडफोन लावून एकच रचना घोटत बसले.

त्या रविवारी जेवून वर गेलो. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे बॅगेतून एक भाग काढून माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, गन घरी विसरले. असं म्हणून मी हाताची घडी घालून बसले. वर्गात पोरांची परीक्षा घेताना बसते तशी.

डॉक्टरांनी काकांकडे बघितलं, काकांनी सरांकडे. डॉक्टरांनी तो भाग हळूच परत बॅगेत सरकवला. त्यांचा चेहरा काळजीचा दिसत होता, आणि मला वाटलं, आली काळजी बोर्डाची. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात काका म्हणाले, ताई, आज काम न्हाई म्हणून लवकर जाऊ नका. मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं की काम नसल्यावर माझा इथे उपयोग काय. काकांनी शेंगांची पिशवी बाजूला ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

तिसऱ्या बैठकीला कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी मी घुम्यासारखी बसून राहिले आणि चहाच्या आधी उठून गेले. पुढच्या महिन्यात आलेच नाही. तिघांनी मिळून अर्थ लावला की ताईंना कामाशिवाय करमत नाही, वाजवण्यात त्यांना गोडी नाही. तेव्हापासून त्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं, दर महिन्याला कुणीतरी काहीतरी बिघडवून आणायचं. काका वायर ओढून आणायचे. सर दर वेळी तोच एक उडालेला फ्यूज घालून आणायचे. आणि डॉक्टर दात कोरायच्या मशीननं स्वतःच्या बोर्डाचे ट्रॅक कापत होते.

"तुमी येत ऱ्हावं, एवढंच होतं आमचं," काका म्हणाले.

खरं सांगते, माझं मन भरून वगैरे आलं नाही. आधी राग आला. चांगल्या बोर्डावर ड्रिल चालवता? हे म्हणताना माझा आवाज आयटीआयच्या वर्कशॉपमधला झाला असणार, कारण डॉक्टर उभे राहिले. त्या परदेशी कारखान्याला मी दोन वर्षं शिव्या घातल्या होत्या. ते काप किती गोल आणि गुळगुळीत होते, माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी तावातावानं सुनावत होते आणि बोलता बोलताच मला माझा तिसऱ्या बैठकीचा दिवस आठवला. मी त्या दिवशी कुणीतरी वाजवा म्हणेल म्हणून वाट बघत बसले होते. कुणी म्हटलं नाही म्हणून रुसून गेले. पुढचा महिना त्याच रागात बुडवला. माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं, मी वाजवते म्हणायला एक शब्द पुरला असता. तो न म्हणता मी गन पुढे केली. गन हातात असली की कुणी माझं वाजवणं ऐकणार नव्हतं, आणि कुणी ऐकलं नाही की ते वाईट आहे असंही कुणी म्हणणार नव्हतं. मला भीती वाटत होती. दोन वर्षं मी तिला त्या तिघांचा दोष म्हणत होते.

मी खाली बसले. गन विसरले नाही, मुद्दाम ठेवून आले, हे सांगितलं. काहून, म्हणून काकांनी विचारलं. मी म्हटलं, मला वाजवायचंय. हे दोन शब्द काढायला मला जे कष्ट पडले ते माझं मला ठाऊक. सर आधी हसले. मग डॉक्टर, आणि मग काका खोकला लागेपर्यंत हसत राहिले.

टेबलाखालून झाकण काढलं. डॉक्टरांनी स्वतःच्या वायरी उपसून स्पीकर माझ्याकडे वळवला. मशीन थंड होतं, म्हणून गरम व्हायला अर्धा तास थांबावं लागलं. त्या अर्ध्या तासात मला तीनदा वाटलं की पोटात दुखतंय म्हणून निघून जावं. मग वाजवलं. खाली एक घुमता सूर, त्यावर थेंब पडल्यासारखे तुटक आवाज, मध्ये एक हळूहळू वर चढत जाणारी ओढ. घरी हेडफोनमध्ये ते मला सुंदर वाटलं होतं. स्पीकरवर खालच्या सुरानं खिडकीची काच थरथरली आणि थेंब कुठे गेले तेच कळेना. एक बटण भलतीकडेच फिरलं. तरी शेवटपर्यंत नेलं. दहाएक मिनिटं झाली असतील.

संपल्यावर मी वायरी उपसायला लागले. मला वाटलं, आता कौतुक करतील, जोडणी किती स्वच्छ आहे म्हणतील. तसं म्हटलं असतं तर मी खरंच परत गेले नसते.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "ताई, मधलं फार लांबलं. आणि खालच्या सुरानं बाकीचं सगळं खाऊन टाकलं."

मला राग आला. मी म्हटलं, खालचा सूर हाच तर मुख्य आहे, तुम्हाला आयत्या मशिनीची सवय, तुम्हाला काय कळणार. ते म्हणाले, कान तर आहेत ना. सर मध्ये पडले की लांबीचा प्रश्न नाही, थेंब मोजून पडत नाहीत. काका म्हणाले, थेंब बराबर आहेत, ते मोजू नका. चौघेही एकाच वेळी बोलत होतो. खालून नवऱ्यानं निघायचं का म्हणून हाक मारली तेव्हा मी थांब म्हणून ओरडले. दोन वर्षांत त्या खोलीत माझे शंभरदा आभार मानले गेले होते. माझ्यात खोट काढायची तसदी मात्र आज पहिल्यांदा कुणी घेतली होती. मी भांडत होते आणि आतून इतकी खूश होते की मला वायरीची टोकं दिसेनात.

मी परत सगळं जोडलं. खालचा सूर कमी केला. उगीच थोडासाच, डॉक्टरांना जिंकल्यासारखं वाटू नये म्हणून. थेंब मोकळे झाले. मधली ओढ चढायला लागली, मी ती माझ्या हट्टानं तेवढीच लांब ठेवली.

"अजूनही लांबतंय," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्याकडे न बघता बटणाला हात घातला. त्यांचं बराबर होतं.