परातीतला समुद्र

"आज भरती आहे हां! या लवकर!"

सकाळी सहाच्या सुमाराला भिंतीपलीकडून ही हाळी आली, की आमच्या गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन नळाकडे धावायच्या. भरती म्हणजे नळाला पाणी जोरात आलंय. धार बारीक असली तर तोच आवाज म्हणायचा, "ओहोटी, ओहोटी. आराम से भरा." आता ग्वाल्हेरला कुठला आलाय समुद्र? दिवसाआड नळाला पाणी येतं, त्यातच आम्ही खूश. पण हे दोन शब्द आमच्या गल्लीत असे काही रुजले, की दूधवालासुद्धा विचारायचा, "आज क्या है, भरती या ओहोटी?"

आवाज सिस्टरांचा. त्यांना नाव होतं, चांगलं लांबलचक होतं, पण गल्लीत कुणी ते कधी वापरलं नाही. मीही नाही वापरत.

सिस्टर मूळच्या कोचीच्या, ख्रिस्ती. महाराज बाड्याजवळच्या एका रुग्णालयात नर्स म्हणून आल्या आणि तिथंच एक्स-रे काढणाऱ्या, आमच्या शेजारच्या काकांशी त्यांनी लग्न केलं. काकांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आलेले. सिस्टर त्याच्याही खालून, अगदी टोकाकडून आलेल्या. काका लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. सिस्टर तिथंच राहिल्या, आमच्या भिंतीला भिंत लावून.

मराठी त्या माझ्या आईकडून शिकल्या, भिंतीवर कोपरं टेकून. आता आमची ग्वाल्हेरची मराठी कशी, ते तुम्हाला ठाऊक असेल. निम्मी हिंदी, आणि उरलेल्या निम्मीवर हिंदीचा हात. पुण्याची माणसं आमचं बोलणं ऐकून गालात हसतात, हसू देत. एकदा सिस्टरांनी दोन्ही हातांनी पाणी पुढे येतं आणि मागे जातं असं करून दाखवलं आणि विचारलं, "याला काय बोलतात मराठीत?" आईनं समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण शाळेतला धडा पाठ होता. तिनं भरती-ओहोटी सांगितलं. शब्द तर मिळाले, वापरायचे कुठे? म्हणून सिस्टरांनी ते नळाला लावले.

त्यांची खरी ओळख मात्र दुसरीच. संध्याकाळी ड्यूटीवरून आल्या, की त्या अंगणात मोठी पितळी परात ठेवायच्या, तीत पाणी ओतायच्या, साडी घोट्यापर्यंत उचलून आत उभ्या राहायच्या. पाच-दहा मिनिटं. डोळे मिटलेले. मेच्या गरम लूमध्येही आणि थंडीत दात वाजत असतानाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, बाईंना वेड लागलंय.

"सिस्टर, पाय दुखतात का हो?" मी एकदा विचारलं.

"दुखत नाहीत रे. पायांना याद येते."

लहानपणी कोचीला शाळेतून घरी जाताना त्या रोज समुद्रात पाय बुडवून जायच्या म्हणे. किनाऱ्यावर चिनी जाळी आहेत. खांबांवर टांगलेली ही अवाढव्य जाळी दोरांना दगड बांधून पाण्यात सोडतात आणि पाच-सहा माणसं मिळून ओढून वर घेतात. तिसऱ्या जाळ्यावर सिस्टरांचे वडील दोर ओढायचे. आणि याच वडिलांनी लग्नाची बातमी कळल्यावर पत्र पाठवलं होतं, की या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस.

"मग तुम्ही कधी गेलाच नाहीत?"

"कशी जाणार? पाऊल ठेवू नको बोलले ना."

"घरात नको म्हणाले. समुद्राचं कुठं काय म्हणाले?"

सिस्टर हसल्या. "समुद्राचं काही नाही बोलले. पण समुद्रावरून घर दिसतं रे."

वडील जाऊनही तोवर खूप वर्षं झाली होती. पण सांगणाराच राहिला नाही, तर ते बोलणं मागे कोण घेणार?

मग एका हिवाळ्यात मला इंदरगंजच्या ऑफिसातून रजा मिळाली आणि आईनं अचानक जाहीर केलं, "मला समुद्र दाखव. तिच्या तोंडून ऐकून ऐकून कान किटले." केरळची गाडी ग्वाल्हेरला थांबते. आम्ही दोघं निघालो. स्टेशनवर पोचवायला सिस्टर आल्या. माझ्या हातात औषधाच्या चिठ्ठीमागे काढलेला नकाशा दिला आणि दोन लिटरची रिकामी बाटली.

"तिसऱ्या जाळ्याजवळून भर. दुसरं काही नको मला. परातीत ओतेन, बस."

"आणि घर बघून येऊ का?"

"नको," त्या चटकन म्हणाल्या. "घराचं नको सांगू मला."

कोचीबद्दल मी काय सांगणार? दोनशे-चारशे वर्षांची चर्चं, गल्लीगल्लीत सुंठ-मिऱ्यांचा वास, पावसानं काळ्या पडलेल्या भिंती, आणि रस्त्यावर मांडव घातल्यासारखी मोठमोठी झाडं. मी डोळे फाडून बघत होतो. आई नाकाला पदर लावून चालत होती, कारण मासे. समुद्रासमोर उभी राहिली, म्हणाली, "बघितला. मोठा आहे. चल." आणि असं म्हणून तिथल्या कट्ट्यावर जी बसली ती तासभर उठायचं नाव घेईना. पाण्यात मात्र उतरली नाही. मी तिसऱ्या जाळ्याजवळ गुडघाभर पाण्यात जाऊन बाटली भरली, झाकण घट्ट लावलं. इतका आनंद मला बरीच वर्षं झाला नव्हता.

आता ऐका पुढचं. माझ्या आईचा एक नेम आहे. प्रवासात शिळं पाणी प्यायचं नाही. मोठं स्टेशन आलं की आदल्या स्टेशनचं पाणी फेकायचं, बाटल्या विसळायच्या, ताजं भरायचं. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात वाढलेली बाई ती, पाण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. परतताना नागपूरला मी संत्री घ्यायला उतरलो. झाशी जवळ आली तेव्हा सामान आवरताना मी बाकाखाली डोकावलो.

"आई, सिस्टरांची बाटली कुठली गं?"

"कुठली म्हणजे?" आई म्हणाली आणि तिचा चेहराच उतरला. "अरे देवा! मी तर सगळ्या बाटल्या बदलल्या रे नागपूरला!"

झालं! तिसऱ्या जाळ्याजवळचा अख्खा समुद्र आईनं नागपूरच्या फलाटावर ओतला होता.

घरी आल्यावर आईनंच दार आतून लावलं, बाटलीत नळाचं पाणी भरलं आणि मिठाचा डबा काढला. मला म्हणाली, "तू गेला होतास ना आत? चव कशी होती?"

"खारट."

"ते मलाही माहितेय. किती?"

"आता काय सांगू! खूप."

एक चमचा घातला, चाखलं. दुसरा घातला, चाखलं. तिसऱ्याला आईनं तोंड वाकडं केलं. "बस. याहून खारट काय असणार आहे!" चोरी करताना जसं वाटत असेल तसं आम्हाला वाटत होतं.

सिस्टरांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. परात घासूनपुसून ठेवलेलीच होती. पाणी ओतलं, पाय ठेवले. जेमतेम बोटं बुडाली. मग वाकून एक बोट पाण्यात घातलं आणि जिभेला लावलं. भिंतीच्या अलीकडे आई आणि मी श्वास रोखून उभे.

सिस्टरांनी बोट पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "तसाच आहे. काही नाही बदलला." आणि डोळे मिटले. आईनं सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही.

दोनेक वर्षांनी मला डेंग्यू झाला. सिस्टर तोवर निवृत्त झालेल्या, पण त्यांच्याच जुन्या रुग्णालयात मला ठेवलं होतं आणि तिथं त्यांना कोण अडवणार? माझ्या उशाशी खुर्ची टाकून बसायच्या, नव्या पोरींना रागवायच्या. एका दुपारी सलाईनची बाटली बदलली जात होती. सिस्टरांनी बाटलीवर टिचकी मारली.

"ओळखलंस? हेच आणलं होतं ना तू कोचीहून?"

ताप होता, तरी मला घाम फुटला.

"पस्तीस साल हे पाणी चढवलं मी लोकांना. बोट लावलं आणि समजलं. सलाईन आहे, एकदम बरोबर नाप." त्या पोट धरून हसायला लागल्या. "समुद्र असा फिका असतो का रे?"

मी सगळं सांगून टाकलं. नागपूर, फलाट, मिठाचा डबा. सिस्टर ऐकताना डोळे पुसत होत्या, हसून हसून.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुझी आई भिंतीमागे उभी, चेहरा इतकासा. आणि पायांना कुठं चव कळते? पाय तर खूश होते माझे." मग म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी खरं आण हां."

"नक्की, सिस्टर. पुढच्याच रजेत."

आणि इथं मी माती खाल्ली. पुढची रजा आली, घराच्या रंगकामात गेली. त्याच्या पुढची आली, ऑफिसात माणूस कमी म्हणून रद्द झाली. सिस्टर एकदाही आठवण करून द्यायच्या नाहीत. मीच ओशाळून काही बोललो तर म्हणायच्या, "आराम से, बेटा. समुद्र कुठं जातोय?"

समुद्र कुठंच गेला नाही. सिस्टरच गेल्या. जानेवारीतल्या एका सकाळी नळाला पाणी आलं, चांगलं जोरात आलं, आणि भिंतीपलीकडून हाळी आली नाही. आईनं बादली खाली ठेवली आणि मला म्हणाली, "जा, बघ." मी गेलो. परात अंगणात होती, आदल्या संध्याकाळच्या पाण्यासकट. सिस्टर आत झोपेतच गेल्या होत्या.

त्यानंतर रजा कशी मिळाली म्हणता? लगेच मिळाली. मागायला गेलं की मिळते, हे मला तेव्हा कळलं, आणि स्वतःची इतकी चीड आली की सांगता येत नाही. आई म्हणाली, "मीही येते." गुडघे दुखत होते तरी आली.

कोचीत या वेळी मी तिसऱ्या जाळ्याजवळ उभा राहून मागे वळून पाहिलं. सिस्टरांनी नकाशात घराच्या जागी नुसतं एक टिंब काढलं होतं. त्या दिशेला आता तीनमजली हॉटेल होतं, त्याच्या शेजारी आणखी एक. गल्लीत शिरून विचारत विचारत शोधलं तर मागे ते घर सापडलं. पण समुद्रावरून ते दिसत नव्हतं. किती वर्षांपासून दिसत नसेल, कोण जाणे. पहिल्याच खेपेला मी एकदा मान वळवली असती, तर त्यांना येऊन सांगितलं असतं: सिस्टर, आता घर दिसत नाही, चला. मी तिथं, माणसांच्या गर्दीत, रडलो.

परतताना आईनं बाटली मांडीवर घेतली ती दोन दिवस खाली ठेवली नाही. नागपूर आलं. बाकीच्या बाटल्याही तिनं बदलल्या नाहीत. मी ताजं पाणी आणू का म्हणालो तर म्हणाली, "राहू दे. आज शिळंच पिऊ."

स्टेशनवरून आम्ही थेट दफनभूमीत गेलो. मी झाकण उघडलं आणि क्रूसाजवळ वाकलो, तशी आईनं माझा हात धरला.

"तिथं नाही रे. पायांकडे."

आम्ही पायांकडे गेलो. आईनं बाटली माझ्या हातातून घेतली आणि हळूहळू, सगळी ओतली. तळाशी थोडं उरलं होतं. जिनं समुद्रकाठी नाकावरचा पदर काढला नव्हता, तिनं ते हातावर घेतलं आणि जिभेला लावलं.

"अगं बाई," आई म्हणाली आणि मटकन खालीच बसली. "आपण किती कमी मीठ घातलं होतं रे!"