तिला विचारा

माझी नात तळवड्याच्या आयटी कंपनीत आहे. सुट्टीच्या दिवशी ती गेम बनवते, आणि त्यात एकही चित्र नसतं. स्क्रीनवर नुसता मजकूर येतो. खेळणाऱ्यानं ‘कपाट उघडा’ असं काही टाइप करायचं, की पुढचा मजकूर. तिला चोरीचं एखादं रहस्य हवं होतं. माझ्याकडे तयारच होतं. चाळीस वर्षांपूर्वी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी स्वतःच डिटेक्टिव्ह झाले होते.

तेव्हा मी पंचविशीची, इन्स्पेक्शनला, आणि डोक्यात एवढी हवा की पंख्याची गरज नव्हती. भोकांचं माप तपासायचं एक महागडं गेज नाहीसं झालं. मी दोन पुरावे काढले. शेजारच्या टेबलावरची बाई शिफ्ट सुटल्यावरही मागं थांबली होती, आणि जाताना पिशवी छातीशी घट्ट धरून गेली. झालं. या दीडशहाणीनं सुपरवायझरपुढे उभं राहून वकिलासारखं सगळं मांडलं. ती बाई कॉन्ट्रॅक्टवर होती. दुसऱ्या दिवशी तिला गेटवरूनच परत पाठवलं. आठवड्यानं गेज सापडलं, त्या सुपरवायझर साहेबांच्याच ड्रॉवरमध्ये. सगळे हसले, मीही हसले. तिला कळवायला कोणी गेलं नाही. मी तर नाहीच. शोध लावणं माझं काम, निरोप पोचवणं थोडंच?

गेममध्ये खेळणाऱ्यानं त्या मूर्ख मुलीच्या जागी बसायचं आणि गेज शोधायचं. मी झपाटून लिहिलं. कपाटाच्या प्रत्येक खणाला उत्तर होतं, कोपऱ्यातल्या झाडूलासुद्धा. नातीच्या मैत्रिणीनं पहिल्यांदा खेळून बघितलं. बाईवरचे दोन पुरावे वाचून पहिलीच ओळ तिनं टाइप केली: ‘तिला विचारा.’ गेम म्हणाला, ‘असं काही करता येत नाही.’

“आज्जी, याचं उत्तर लिहायचं राहिलंय,” नात म्हणाली. “ती का थांबली होती गं?”

मला माहीतच नव्हतं. झाडूला उत्तर होतं, बाईला नव्हतं. चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि मिरवत होते डिटेक्टिव्ह म्हणून. नात म्हणाली, काहीतरी रचून टाक. रचण्यात माझा हात किती बसलाय, हे तिला कुठं ठाऊक.

ती बाई भोसरीतच पोळीभाजीचं दुकान चालवते. मला हे बरीच वर्षं ठाऊक होतं. शेअर रिक्षा तिथून गेली की पदर सारखा करायच्या निमित्तानं मी तोंड झाकून घ्यायचे. त्या दुपारी मात्र उतरले, रांगेत उभी राहिले. तिनं मला ओळखलं, पण लाटणं थांबवलं नाही. गेज साहेबांकडेच निघालं होतं, चूक माझी होती, हे आधी सांगितलं. मग विचारलं.

“पिशवीचा बंद तुटला होता,” ती म्हणाली. “तारेनं बांधत बसले होते. न्हाई जमलं, मग उराशी धरून नेली.” एक पोळी तव्यावर पडली. “हे तवाच विचारायचं होतंस. आता पोळ्या घ्यायच्या तर घे, मागं माणसं उभी हायेत.”

मी सहा पोळ्या घेतल्या.

तिचं उत्तर जसंच्या तसं गेममध्ये घातलं. नात वैतागली. म्हणाली, अगं, मग तिच्यावरचा संशय पहिल्याच मिनिटात संपतो, यात फसणार कोण?

मी म्हटलं, न विचारणारी एखादी दीडशहाणी असतेच.