बोलता बोलता काळा पडणारा लॅपटॉप

मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. उभी नोकरी फाउंड्रीत गेली, तीही तपासणी खात्यात. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या ओतीव कास्टिंगच्या पोटात कुठं पोकळी आहे, हे शोधायचाच मला पगार मिळायचा. त्याच्या कितीतरी आधी, लहानपणी, वडिलांबरोबर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर दूध प्यायला जायचो. कट्ट्यावर म्हैस उभी असायची, गवळी आमच्यासमोर धार काढायचा आणि फेसाळ पेला हातात यायचा. घरपोच आलेल्या दुधात पाणी असणारच, असं वडील धरून चालायचे. डोळ्यांदेखत होतं तेवढंच खरं, हे माझ्या अंगात तिथूनच मुरलं.

त्यामुळं लॅपटॉपचा पडदा दगा द्यायला लागला, तेव्हा मी आधी लॅपटॉपवर संशय घेतलाच नाही. लेकीवर घेतला.

लेक बंगळूरला नोकरी करते. दर रविवारी नाष्टा झाला की तिचा व्हिडिओ कॉल येतो. मोबाईलवर मला तिचा चेहरा धड दिसत नाही, म्हणून तिनंच आपला जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवलाय. काही महिन्यांपूर्वी तिनं ऑफिसातल्या एका मुलाचा विषय काढला. मुलगा आपल्या भाषेतला नाही, जातीतला नाही. मी नको म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. इकडच्या तिकडच्या गप्पा व्यवस्थित व्हायच्या. पण त्या मुलाचं बोलणं निघालं आणि मी जरा पुढं सरकून "त्याच्या घरचे काय म्हणतात?" असं विचारलं, की पडदा काळा. कॉल बंद. नेमका तिथंच!

एकदा झालं, दोनदा झालं. मग माझी खात्री पटली, की ही पोरगी उत्तर टाळते आणि तिकडून कट करते. मी परत फोन लावला नाही. त्या दिवशी तिचाही आला नाही, तेव्हा तर संशय पक्का झाला.

"अहो, ती असलं करायची न्हाय," बायको म्हणाली. "मशीनच बिघडलं असंल. दाखवून तरी या."

राजारामपुरीत एका दुकानात गेलो. दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप सुरू केला. मी हाताची घडी घालून त्याच्या बोटांवर नजर ठेवून उभा राहिलो. त्यानं झाकण वरखाली केलं, कोपरे दाबले, दुसरा मोठा पडदा जोडून बघितला.

"ह्याला काय झालंय, पावणं? झ्याक चाललंय की."

"मग बंद का पडतो?"

"आतली वायर सैल असंल. ठेवून जावा. न्हायतर सरळ नवा डिस्प्ले घालू."

बिघाड काही नाही म्हणतो आणि वर नवा पडदा घालायला निघालाय! चांगला पडदा काढून घ्यायचा आणि कुणाचा तरी जुनापुराणा आत बसवायचा, हे मला तिथंच दिसलं. मी म्हणालो, "काय करायचं ते माझ्यासमोर करा."

"दुकान हाय हे, दूध कट्टा न्हवं," तो म्हणाला आणि बाकीची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. मी लॅपटॉप काखेत मारला आणि घरी आलो.

रस्त्यात मात्र माझा राग उतरत गेला आणि भलतीच भीती वाटायला लागली. लॅपटॉप ठणठणीत असेल, तर लेकच माझ्या तोंडावर दार लावत होती. दुरुस्त करावा की नाही हा प्रश्न आता लॅपटॉपचा उरलाच नव्हता. पडदा खरंच खराब निघावा, असं मला मनापासून वाटू लागलं. नव्या पडद्याचा खर्च मी सोसला असता. लेक तशी निघायला नको होती.

दुपारी बायको शिवण घेऊन बसली आणि त्याच लॅपटॉपवर भजनं लावली. दोन-अडीच तास झाले तरी पडदा एकदाही गेला नाही.

"मला तर बरं चालतंय," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. खुर्ची ओढून लॅपटॉपपुढं बसलो आणि मनातलं सगळं तिच्यापुढं ओकलो. लेक कशी टाळते, कशी कट करते, बापाची काय किंमत ठेवलीय. बोलता बोलता पुढं झुकलो, दोन्ही मनगटं कीबोर्डच्या कडेला टेकवली. पडदा काळा.

"बघ! बघ!" मी ओरडलो.

बायकोनं शिवण बाजूला ठेवलं. "दुकानदाराच्या हाताकडं टक लावून बघताय. जरा स्वतःच्या हाताकडं बघा की."

माझ्या डाव्या मनगटात लोहचुंबकाचं कडं होतं. बीपी उतरतं म्हणून तिनंच नृसिंहवाडीच्या दुकानांतून आणलेलं. बीपी काही उतरलं नाही, पण सुई हरवली की ती माझा हात धरून फरशीवर फिरवायची आणि सुई कड्याला येऊन चिकटायची. आता तिनं शिवणातली सुई लॅपटॉपच्या झाकणाच्या कडेनं फिरवली. एका जागी टक्‌ करून चिकटली. झाकणातही चुंबक होता. तो कीबोर्डच्या कडेजवळ आला की झाकण मिटलं असं समजून मशीन झोपतं. माझं कडं टेकलं की तेच होत होतं. गप्पा मारताना मी खुर्चीत मागं रेललेला असायचो. लेकीच्या लग्नाचं निघालं, की तेवढा पुढं यायचो.

रविवारी कडं सुईच्या डबीत ठेवलं. कॉल आला. कड्याची गंमत सांगितली, तर लेक हसली नाही.

"मला वाटायचं तुम्ही खाडकन झाकण मिटता," ती म्हणाली. "मागच्या खेपेला मी रजिस्टर लग्नाची तारीख सांगत होते. आईलाही सांगितली नव्हती. आधी तुम्हालाच सांगायची होती. अर्धं वाक्य झालं आणि तुम्ही गेलात. तेच तुमचं उत्तर समजले मी. साक्षीदार म्हणून घरमालकांना विचारलंय."

मी पुढं झुकलो होतो. मनगटं कडेला टेकलेली होती. पडदा लख्ख होता आणि लेक माझ्याकडं बघत होती.

"घरमालकांना म्हणावं, जेवायला या," मी म्हणालो. "सही मी करणार."

तिनं डोळे पुसले, पण चेहऱ्यावरचा संशय काही गेला नाही. लेक शेवटी माझीच.

"आईला बोलवा," ती म्हणाली. "तिच्यादेखत परत म्हणा."

मी बायकोला हाक मारली.